धुराची वाट कोणी अडवली?

महागाची सिगार पेटवावी, ओढावी आणि गाल आत जाईपर्यंत ओढूनही तोंडात धूर येऊ नये, ही तक्रार सिगारच्या धंद्याइतकीच जुनी आहे. तिच्यावरचे उपायही जुनेच. टोक अजून थोडे कापून पाहायचे. दोन बोटांत हलकेच फिरवत गाठ कुठे लागते ते चाचपायचे, आणि लागली तर तिथे बेताने चोळून पाने सैल करायची. दमट वाटली तर पेटीबाहेर एखादा दिवस ठेवून सुकू द्यायची. त्यानेही भागले नाही तर सुई किंवा दातेरी सळई आत घालून गाठ पोखरायची. युरोपातले शौकीन एकोणिसाव्या शतकात खिशात चांदीचे टोचे बाळगत. आज मिळणाऱ्या पोलादी सळया त्याच जातीच्या आहेत. या उपायांनी अनेकदा काम होते, हे मला मान्य आहे. पण ते सारे एकच गोष्ट गृहीत धरतात : सिगार गिऱ्हाइकाच्या हातात पडली, आता तिचा दोष त्यानेच निस्तरावा. माझ्या मते या दोषाचा इतिहास वळणाऱ्याच्या पाटावर शोधायला हवा. तिथे मजुरी कशी मोजली जाते आणि तपासणी कोणत्या वेळी होते, यावरच धुराची वाट मोकळी राहणार की अडणार हे ठरत आले आहे.

त्यासाठी हवानाच्या कारखान्यातला पाट जवळून पाहावा लागतो. वळणाऱ्यापुढे, म्हणजे तिथल्या तोर्सेदोरपुढे, भराईची तीन प्रकारची पाने असतात. झाडाच्या खालच्या अंगाचे, चटकन पेटणारे वोलादो. मधले, सुवासाचे सेको. आणि शेंड्याकडचे, जाड, तेलकट, सावकाश जळणारे लिगेरो. तो एकेक पान लांबीच्या दिशेने सैल दुमडतो, म्हणजे प्रत्येक घडीत हवेपुरती अरुंद पन्हळ राहते. लिगेरो मधोमध ठेवून बाकीची पाने त्याभोवती तळहातात जमवतो, त्यांची मोळी बांधणीच्या पानात गुंडाळतो आणि लाकडी साच्यात दाबायला ठेवतो. अर्ध्यापाऊण तासाने ती निघाली की शेवटचे नितळ पान चढवून टोपी बसवतो. या कामात बोट एका जागी जरा जास्त दाबले गेले, एखादे पान पीळ खाऊन आडवे बसले किंवा भराईत एक पान जादा पडले, की पन्हळी मिटतात. लांब आणि सडपातळ सिगारीत तर चुकीला जागाच नसते. कोहिबा या क्युबन छापाची लान्सेरो 192 मिलिमीटर लांब आणि जेमतेम 15 मिलिमीटर जाड असते. एवढ्या बारीक नळीत एकच पीळ पुरतो. मात्र वरचे पान चढण्याआधी ही चूक दुरुस्त करायला मिनिटही लागत नाही. मोळी उलगडायची, पीळ सोडायचा, पुन्हा बांधायची. पान चढल्यावर तीच चूक आत कायमची बंद होते.

काही ठिकाणच्या कारागिरांनी हा प्रश्न वळतानाच सोडवून टाकला होता. ऑस्ट्रियातली ‘व्हर्जिनिया’ ही लांब, काटकुळी सिगार आणि स्वित्झर्लंडमधल्या ब्रिसागो या सरोवराकाठच्या गावी 1847 पासून बनणारी तिची भावंडे आतून आरपार गवताची काडी घालून वळली जात. ओढणाऱ्याने पेटवण्याआधी काडी उपसायची, की धुराला सरळ वाट मिळे. ‘व्हर्जिनिया’ ही ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रान्झ जोसेफ यांची आवडती सिगार. हवानाच्या बाजूने यावर एक खरा आक्षेप येतो : मोकळ्या बोगद्यातून धूर गरम येतो, आणि पानापानांतून झिरपत येणाऱ्या धुराची चव त्याला नसते. सुईने आरपार भोक पाडलेली सिगार बेचव लागते तीही याच कारणाने. हे खरे असले तरी काडीने एक गोष्ट दाखवून दिली. वाट मोकळी ठेवण्याची जबाबदारी बनवणाऱ्याने घ्यायची ठरवली, तर साधने त्याच्या हाताशी होती.

अमेरिकेत वारा उलट्या दिशेने वाहिला. 1869 च्या सुमारास जर्मनीहून लाकडी साचे तिथे आले आणि कारागिराचे काम दोघांत विभागले गेले : एकाने मोळी बांधायची, दुसऱ्याने वरचे पान चढवायचे. सिगार कामगारांच्या संघटनेने साच्यांना कडाडून विरोध केला. पुढे अमेरिकी कामगार चळवळीचा म्होरक्या झालेला सॅम्युएल गॉम्पर्स याच धंद्यातून आला होता. या विरोधाला आजवर नव्या यंत्राची भीती म्हणून बाजूला सारले जाते. मला त्यात कसबाची बाजूही दिसते. हाताने घडवलेल्या मोळीत पान जास्त भरले तर ती जाड होते आणि चूक डोळ्यांना दिसते. साच्यात जास्त भरलेली मोळीही त्याच मापाची निघते. वाढीव पान दबून आत गाठ होते आणि बाहेरून काही कळत नाही. साचा आला म्हणून गाठी आल्या असे मी म्हणत नाही. पण साच्याबरोबर वेगळी तपासणी यायला हवी होती, आणि मजुरी नगावर असताना ती आपोआप येणे शक्य नव्हते.

याचा सर्वांत ठळक पुरावा क्युबाच्याच अलीकडच्या काळात आहे. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्युबाला परकी चलनाची विलक्षण निकड होती, आणि नेमकी त्याच वेळी जगात सिगारची लाट आली. अमेरिकेतली उंची सिगारींची आयात 1992 मधल्या सुमारे 10 कोटींवरून 1997 मध्ये 40 कोटींच्या वर गेली. 1962 च्या निर्बंधांमुळे त्यात क्युबाचा अधिकृत वाटा शून्य होता, पण उरलेल्या जगाची मागणीही तशीच चढत होती. क्युबाने काही वर्षांत निर्यात दुपटीवर नेली, नवे कारखाने उघडले, नवशिक्यांना भराभर पाटावर बसवले. गुणवत्तेबद्दलची कुरकूर तर त्याआधीच सुरू झाली होती. सिगारचे व्यापारी झिनो दाविदॉफ यांच्या कंपनीने 1989 मध्ये एक लाखाहून अधिक क्युबन सिगारी निकृष्ट म्हणून जाळल्या आणि नंतर आपले उत्पादन डोमिनिकन प्रजासत्ताकात हलवले. नव्वदीच्या अखेरीस न ओढणारी हवाना ही जगभरच्या गिऱ्हाइकांची नेहमीची तक्रार झाली. तपासणी नव्हती असे नाही. पन्नासच्या जुड्या वजन, लांबी, जाडी पाहून उतरवून घेत, काही सिगारी उलगडून बघत, चाखणारे नमुने ओढत. पण हे सारे वरचे पान चढल्यावर, आणि तेही शेकड्यातल्या मोजक्या नगांवर. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कारखान्यांत ओढ मोजणारी यंत्रे आली. साच्यातून निघालेली मोळी यंत्राच्या तोंडात धरायची, यंत्र हवा खेचते आणि काटा अडथळा दाखवतो. नापास मोळी त्याच पाटावर उलगडली जाते. त्यानंतर तक्रारी उघडपणे घटल्या. वळणारे बोट तेच होते, पानही व्हुएल्ता आबाहो या क्युबाच्या त्याच तंबाखूच्या प्रदेशातले होते. बदलली ती तपासणीची वेळ.

यावर दमटपणाचा आक्षेप घेतला जातो. ओलसर पान फुगते आणि वाट अडवते, म्हणून दोष साठवणाऱ्याचा. 70 टक्के आर्द्रतेत ठेवलेली सिगार 65 टक्क्यांत बरी ओढते, हे खरेच. पण सुकवून सुटते ती साधी घट्ट सिगार. पीळ खाल्लेले पान सुकले तरी पिळलेलेच राहते. दुसरा आक्षेप अधिक आदराने घ्यायला हवा : हाताचे काम म्हणजे फरक असणारच, आणि यंत्राच्या काट्याने कसब मारले जाते. क्युबाच्या वळणाऱ्यांचा कसबाचा अभिमान लहान नाही. 1865 पासून ते काम चालू असताना मोठ्याने वाचली जाणारी वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या ऐकत आले, आणि वाचणाऱ्याचा पगार पूर्वी ते स्वतःच्या मजुरीतून देत. पण काट्याने त्यांच्या हातून पान काढून घेतले नाही. बंद मोळीच्या आत काय झाले आहे हे बोटांना कळत नव्हते, तेवढे त्याने सांगितले. तिसरा प्रश्न तंबाखूच्या विरोधकांचा : जी वस्तू ओढूच नये, ती नीट ओढते का याची चिंता कशाला? तंबाखूच्या अपायाबद्दल मला शंका नाही. पण न ओढणाऱ्या नगाची किंमत ओढणाऱ्याआधी वळणाऱ्याने मोजलेली असते, आणि ती चिंता करण्याजोगी आहे.

हे महाराष्ट्रात वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सोलापूर, सिन्नर आणि सीमेपलीकडच्या निपाणीत हजारावर मजुरी घेणाऱ्या विडी कामगार बायकांना ‘छाट’ चांगली ठाऊक आहे. सैल, घट्ट किंवा आखूड म्हणून बाजूला काढलेल्या विडीची मजुरी नाही, आणि छाटलेली विडीही बहुधा मालकाकडेच राहायची. पाने कमी किंवा किडकी मिळाली तर तूट कामगाराने पदरची पाने घालून भरायची. भारतीय संसदेने विडी आणि सिगार या दोन्ही धंद्यांना एकाच कायद्याखाली आणले, तो बिडी व सिगार कामगार (सेवाशर्ती) अधिनियम, 1966. कच्चा माल देणे, विडी किंवा सिगार नाकारणे आणि नाकारलेल्या मालाची मजुरी, या तीन बाबींचे तंटे नेमून दिलेल्या प्राधिकाऱ्यापुढे सोडवण्याची तरतूद त्यात होती. गाठीचे मूळ आणि तिचा भुर्दंड कुठे आहे, हे त्या कायद्याने बरोबर ओळखले होते. मात्र हवानात यंत्र आल्यावर मोळी पाटावरच पुन्हा बांधता येऊ लागली, तशी संधी विडीला मिळाली नाही. धागा गुंडाळून, जुड्या बांधून माल कारखान्यात पोचल्यावरच छाट निघे, आणि तोवर पान कापलेले, तंबाखू भरलेली आणि त्या बाईचा दिवस सरलेला असे.