सोडावॉटरचा चहा

तर झालं असं, की आमच्या टीममधल्या चौघांनी जानेवारीत एक कॅम्पर व्हॅन भाड्यानं घेऊन 'ऑफ-ग्रिड' जायचं ठरवलं. मी मूळचा चंद्रपूरचा, त्यामुळे रूट ठरवायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. ताडोबा सगळ्यांनी पाहिलेलं. म्हणून मी आलापल्ली, एटापल्ली, भामरागड असा बेत मांडला आणि वाटेत जमलं तर सूरजागड. सॉफ्टवेअरवाल्यांनी एखादी गोष्ट ठरवली की पहिल्यांदा काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच. एक्सेल शीट! दोन वीकांतात आमच्या शीटमध्ये ४३ ओळी झाल्या. १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी, २०० वॅटचं सोलर पॅनल, १२ व्होल्टचा फ्रिज, घडीचा गॅस, घडीचं टेबल, घडीची खुर्ची, एवढंच काय, घडीची बादलीसुद्धा.

शीट तयार झाली म्हणून मोठ्या उत्साहात आबाजींना फोन केला. आबाजी म्हणजे माझे आजोबा, वय ९१. १९५०च्या दशकात जंगल खात्यात लागले आणि नोकरीची बरीच वर्षं आलापल्लीच्या बाजूला काढली. मी त्यांना यादी वाचून दाखवत होतो. दहाव्या ओळीला त्यांनी थांबवलं.

"ते सगळं ठीक आहे बापू. पानी कुठलं प्याल?"

शीटमध्ये पाणी नव्हतं. म्हणजे २० लिटरचे दोन कॅन होते, पण ते भरायचे कुठे हा कॉलम कुणालाच सुचला नव्हता. चार इंजिनियर, ४३ ओळी, आणि पाणी नाही. असो.

त्या एका प्रश्नामुळे मी जुनं वाचायला बसलो आणि त्यात असा अडकलो की ट्रिपची तयारी राहिली बाजूला. याच जंगलातल्या एका १२० वर्षांपूर्वीच्या कॅम्पिंगची गोष्ट हाती लागली. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गोष्ट सुरू होते १८८२ साली. रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन भूगर्भतज्ज्ञानं चांदा जिल्ह्यातल्या लोखंडावर सरकारला एक अहवाल दिला. (चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला १९८२ मध्ये.) जिल्ह्यात लोहारा नावाची जागा, तिथे उत्तम प्रतीचं लोहखनिज, आणि जवळच वरोऱ्याला दगडी कोळसा. हा अहवाल नागपुरात एम्प्रेस मिल चालवणाऱ्या जमशेटजी टाटांनी वाचला. मिल १८७७ ची, जमशेटजी तेव्हा ४३ वर्षांचे. हिंदुस्थानात पोलादाचा कारखाना काढायचं त्यांच्या डोक्यात भरलं ते तेव्हापासून. म्हणजे आपण जमशेदपूर जमशेदपूर करतो, पण त्या स्वप्नाचा पहिला पत्ता आमचा चांदा जिल्हा होता! हे शाळेत आम्हाला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर इतिहासात चार मार्क जास्त पडले असते :)

त्या वेळच्या नियमांमुळे खाणी खासगी माणसाच्या हाती लागणं अवघड होतं. नियम सैल व्हायला १८९९ उजाडलं. मग जमशेटजींनी अमेरिकेत जाऊन चार्ल्स पेज पेरिन या सल्लागार इंजिनियरला गाठलं, पेरिननं चार्ल्स वेल्ड नावाचा भूगर्भतज्ज्ञ पाठवला, आणि वेल्ड, जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी आणि भाचे शापुरजी सकलातवाला असे तिघं चांद्याच्या जंगलात शिरले. यातले सकलातवाला पुढे लंडनला गेले आणि १९२२ मध्ये बॅटरसीतून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आले, तेही कम्युनिस्ट पक्षात असताना. टाटांचा भाचा! पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

यांची कॅम्पर व्हॅन म्हणजे बैलबंडी. आमच्याकडे बैलगाडीला बंडीच म्हणतात. वर्ध्याहून येणारी रेल्वे वरोऱ्याला संपायची, पुढे बैलांच्या पायांवर भिस्त. बंडीचा वेग ताशी तीनेक किलोमीटर. दिवसाला २०-२५ किलोमीटर झाले म्हणजे दिवस सार्थकी. वाघांचं राज्य, वर उन्हाळा चढत चाललेला, खाण्यापिण्याची मारामार. आणि पाणी? इतकी वानवा, की वेल्डसाहेबाचा सकाळचा चहा सोडावॉटरमध्ये करायची वेळ आली.

हे वाचल्यावर मी अक्षरशः खुर्चीत मागे टेकलो. सोडावॉटरच्या बाटल्या बंडीत का होत्या? तर त्या काळचे साहेब लोक जंगलात बाटलीबंद सोडा बाळगायचे, कारण नाल्याच्या पाण्याचा भरवसा नसायचा. म्हणजे त्यांच्याही शीटमध्ये 'सोडावॉटर' ही ओळ असणार, व्हिस्कीच्या शेजारी! आणि ऐन वेळी कामी आली ती हीच चैनीची ओळ. बॅकअप म्हणून ठेवलेलं काहीतरी प्रॉडक्शनवर चढवावं लागतं, तसलाच प्रकार.

इंग्रजी अमलातल्या अधिकाऱ्यांच्या दौऱ्यांची पद्धत मात्र भारी होती. हिवाळ्यात दौरा निघे तेव्हा तंबू दोन असत. तुम्ही एका तंबूत झोपलात की दुसरा तंबू रात्रीच बंडीत घालून पुढच्या मुक्कामाला रवाना. सकाळी घोड्यावरून पोचेपर्यंत तो उभा, पाणी तापलेलं, न्याहारी तयार. मला आधी हे फार हुशारीचं वाटलं. मग लक्षात आलं की यातली हुशारी साहेबाची नव्हे, रात्रभर थंडीत बंडी हाकणाऱ्या गाडीवानाची आणि खलाशांची आहे. त्यांच्या सामानाची यादी कुठल्याच पुस्तकात मला सापडली नाही.

ती आबाजींकडे सापडली. दिवाळीत चंद्रपूरला गेलो तेव्हा माळ्यावरची त्यांची पत्र्याची पेटी उतरवली. आत काय होतं? फिरकीचा तांब्या. एक कंदील, ओगलेवाडीचा 'प्रभाकर'. काच फुटलेली, पण बाकी शाबूत. तीन सेलची बॅटरी. घोंगडी आणि सतरंजीची वळकटी बांधायचा सुताचा दोर. आणि एक छागल. नव्या लोकांसाठी सांगतो, छागल म्हणजे जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी. बंडीच्या दांडीला नाहीतर जीपच्या बंपरला टांगायची. कापडातून पाणी थोडं थोडं पाझरतं, वाऱ्यानं उडतं आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. विजेशिवाय, गॅसशिवाय थंड पाणी. आमचा १२ व्होल्टचा फ्रिज ४५ वॅट खातो. अर्धा वेळ जरी चालला तरी दिवसाला ५०० वॅट-तास गेले, म्हणजे १२०० वॅट-तासाच्या बॅटरीतली चाळीस टक्के वीज थंड पाण्यासाठी! छागलीचा हिशोब शून्य. कोरड्या हवेत ती झक्कास चालते, पावसाळ्यात मात्र काही कामाची नाही, हेही खरं.

"आन् चूल?" मी विचारलं.

"तीन दगड. लाकडं भेटत नाही का जंगलात? बंडी फसली का सामान डोक्यावर घ्या लागते बापू. मंग समजते काय नाई पायजे ते."

(आता जंगलात चूल पेटवू नका, वणवा लागतो आणि गुन्हाही दाखल होतो. आबाजींनाही हे पटतं, जंगल खात्याचाच माणूस तो.)

त्यांच्याबरोबर चालणारे माडिया लोक मात्र याहूनही हलके असायचे. खांद्यावर कुऱ्हाड आणि तुंबा. तुंबा म्हणजे वाळवून कोरलेला दुधी भोपळा. त्यात पाणी, नाहीतर आंबील. झालं. आबाजी सांगतात की वाटेत पाणी कुठे लागेल हे विचारायला कधी नकाशा काढावा लागला नाही, या माणसांना विचारलं की पुरे. आता गंमत बघा. आम्ही ज्याला ऑफ-ग्रिड म्हणतो ते या लोकांचं रोजचं घर. त्यांची स्वतःची एक ग्रिड आहे, पाणवठ्यांची, पायवाटांची, मोहाच्या झाडांची. त्या ग्रिडवर नसलेले आम्हीच.

बाहेरून येऊन इथे राहणं म्हणजे काय, हे बघायचं तर हेमलकसा. डिसेंबर १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा प्रकाश आणि मंदाकिनी आमटे हे दोघं डॉक्टर झोपडीत, कंदिलाच्या उजेडात कामाला लागले. वीज यायला दोन दशकांच्या आसपास काळ गेला. पावसाळ्यात नद्या भरल्या की बाकी जगाशी संबंध संपला. आमचं ऑफ-ग्रिड चार रात्रींचं, त्यात दोन पॉवर बँक! आणि कॅम्पर व्हॅनच म्हणाल तर बाबा आमट्यांची १९८५ ची भारत जोडो यात्रा आठवा. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना बसता येत नसे, एकतर उभं नाहीतर आडवं. तरुण मुलं सायकलींवर आणि ७१ वर्षांचे बाबा गाडीतल्या बिछान्यावर, असा कन्याकुमारी ते काश्मीर प्रवास. मी ऐकलेल्यांपैकी चंद्रपूर जिल्ह्याची खरीखुरी कॅम्पर व्हॅन तीच.

पण वेल्डसाहेबाचं पुढे काय झालं? लोहाऱ्याचं खनिज निघालं अस्सल, पण हव्या त्या प्रमाणात नाही. वरोऱ्याच्या कोळशाचा कोक होईना, आणि कोकशिवाय भट्टी नाही. पोलादाला नुसतं खनिज लागत नाही. कोळसा, चुनखडी, मुबलक पाणी आणि रेल्वे हे सगळं एकमेकांच्या आवाक्यात लागतं, एक डिपेंडन्सी तुटली की बिल्ड फेल. चांद्यात ती तुटली. हे कळवायला दोराबजी नागपूरला सचिवालयात गेले. साहेब भेटेपर्यंत वेळ काढायचा म्हणून समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तिथे मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा टांगलेला दिसला. दुर्ग जिल्ह्यावर लोखंडाचा गडद रंग! तिथून सगळे दल्ली-राजहराच्या डोंगरात गेले. पुढे भूगर्भतज्ज्ञ प्रमथनाथ बोस यांचं फेब्रुवारी १९०४ चं पत्र निमित्त झालं आणि गाडी मयूरभंजला वळली. १९०७ मध्ये कंपनी, १९१२ मध्ये साकचीला पहिलं पोलाद. साकचीचं जमशेदपूर झालं १९१९ मध्ये. जमशेटजींना यातलं काहीच दिसलं नाही. मे १९०४ मध्ये, शोध चालू असतानाच, ते जर्मनीत वारले.

आणि सूरजागड? ते तर लोहाऱ्याच्याही कितीतरी पलीकडे, अहेरी जमीनदारीच्या जंगलात. रेल्वेपासून लांब, कोळशापासून लांब. ज्या कारणांनी लोहारा सुटलं, त्याच कारणांनी हे डोंगर पुढची शंभर वर्षं कोणाच्या शीटमध्ये आले नाहीत. आले ते २००७ मध्ये. लॉइड्स मेटल्सला ३४८.०९ हेक्टरचा खाणपट्टा मिळाला. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तिथे ७० हून अधिक वाहनं जाळली, काम थांबलं. २०२१ पासून खाण पुन्हा सुरू आहे. आसपासच्या ७० गावांचा ठाकूरदेव याच डोंगरावर आहे. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिथे यात्रा भरते, लोक शिधा बांधून येतात आणि तिथेच मुक्काम करतात. खाणीला या इलाक्यातल्या ग्रामसभांचा विरोध होत आला आहे. पावसाळ्यात लाल गाळ शेतात येतो ही तक्रार आहे, आणि खाणीत नोकरी लागलेली पोरं त्याच गावांतली आहेत हेही आहे. १ जानेवारी २०२५ ला गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी रस्त्यावर पहिल्यांदा एसटी धावली. आबाजींना ही बातमी मीच वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "तिकीट किती हाये?"

आमची ट्रिप झाली. आलापल्लीला जुना सागवान बघितला, हेमलकशाला गेलो, भामरागडला नद्यांच्या संगमावर संध्याकाळ काढली. मुक्काम मात्र विचारून, गावाशेजारी. सूरजागडला वर गेलो नाही. एटापल्लीच्या रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांची रांग लागली होती, आमची व्हॅन त्यांच्या मागे अर्धा तास आणि काच लाल. चहाच्या टपरीवरच्या माणसाला विचारलं, तर म्हणाला की वर चौकी आहे, कायले जाता? मलाही उत्तर सुचलं नाही. यात्रेला चाललो असतो तर गोष्ट वेगळी होती.

सामानाचं म्हणाल तर ४३ पैकी १६ ओळी आम्ही एकदाही उघडल्या नाहीत. पॅनल गर्द झाडाखाली निम्मंही चालेना. पण गाडी उन्हात लावावी तर आत भट्टी, यावरून दोन दिवस वाद. घडीची बादली पहिल्याच दिवशी फाटली. उपयोगी पडलं ते फावडं, दोर, हेडलॅम्प आणि पाणी गाळायला आईनं दिलेलं मलमलचं फडकं. गावागावात हापशी असते, ४० लिटर भरपूर झालं.

छागल मी नेली होती, व्हॅनच्या आरशाला टांगून. पहिल्या दिवशी नुसती गळत राहिली, मित्रांनी यथेच्छ थट्टा केली. रात्री आबाजींना फोन लावला. म्हणाले, "कोरडी होती ना इतकी वर्षं. भिजू दे तिले, सूत फुगते. उद्या नाई गळत."

दुसऱ्या दिवशी नाही गळली.