चूक दुसऱ्याची, ओझे आपले



रस्त्यावर दोन गाड्यांची टक्कर झाली की जमलेल्या बघ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न असतो : चूक कोणाची? जखमी माणसाच्या घरच्यांचा प्रश्न निराळा असतो. दवाखान्याचे पैसे कोण देणार, आणि कमावता माणूस अंथरुणाला खिळला आहे तोवर चूल कशी पेटायची? पहिल्या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्याने थांबायचे काय, या एका मुद्द्यावर गेली दोनशे वर्षे कायदे, न्यायालये आणि विमा कंपन्या यांच्यात ओढाताण चालली आहे. तिचा इतिहास आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. मी वकील नव्हे. संघटनेच्या कामात ड्रायव्हर, क्लीनर, हमाल यांचे अपघाताचे कागद हाताळावे लागले, आणि हे कागद असे का आहेत याचा शोध घेताना जुने कायदे वाचणे भाग पडले.

या इतिहासाची सुरुवात मोटारीच्या फार पूर्वी, इंग्लंडातील घोडागाडीच्या काळात होते. १८०८ साली लंडनच्या न्यायालयापुढे एका नवऱ्याची फिर्याद आली. नवराबायको प्रवासाच्या घोडागाडीतून जात असताना गाडी उलटली. दोघे जखमी झाले आणि सुमारे महिन्याभराने बायको वारली. सरन्यायाधीश लॉर्ड एलेनबरो यांनी असा निर्णय दिला की, बायको जिवंत असेपर्यंत नवऱ्याला जो त्रास झाला त्याची भरपाई मिळेल; तिच्या मृत्यूने झालेल्या हानीबद्दल मात्र काही मागता येणार नाही. याचा व्यवहारातील अर्थ विचित्र होता. माणूस जायबंदी झाला तर गाडीवाल्याला पैसे भरावे लागत. माणूस मेला तर तो मोकळा सुटे.

१८३७ साली दुसरा खटला झाला, आणि त्यात आम्हां कामगारांचे नशीब अडकलेले होते. एका खाटकाच्या गाडीत प्रमाणाबाहेर माल भरला होता. गाडी मोडून उलटली आणि त्या खाटकाकडे नोकर असलेल्या पोराची मांडी मोडली. लॉर्ड ॲबिंजर यांच्या न्यायालयाने मालकाला दोषमुक्त केले. गाडी धोक्याची आहे हे नोकरालाही मालकाइतकेच कळत होते, त्याला नको होते तर त्याने बसू नये, असा या निकालाचा आशय होता. ज्याला ‘नको’ म्हटल्यास दुसऱ्या दिवशी भाकरी मिळत नाही, त्याच्यापाशी ‘नको’ म्हणण्याचे स्वातंत्र्य आहे असे न्यायालयाने धरून चालले. या निकालातून पुढे ‘सामाईक नोकरी’चे तत्त्व निघाले : बरोबरच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही. कारखान्यात हजारो माणसे एकमेकांबरोबर काम करीत असल्यामुळे बहुतेक अपघातांत मालक सुटू लागला.

पुढे रेल्वे आली आणि अपघात वाढले. १८४६ साली लॉर्ड कॅम्बेल यांनी पुढाकार घेऊन कायदा करविला, आणि मृताच्या बायकामुलांना दावा करण्याचा हक्क मिळाला. हिंदुस्थानात त्याच धर्तीवर १८५५ चा प्राणांतिक अपघातांचा कायदा झाला. मुंबई-ठाणे आगगाडी सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. हक्क मिळाला खरा, परंतु अट जशीच्या तशी राहिली. समोरच्याचा निष्काळजीपणा विधवेने सिद्ध करावयाचा, तोही दिवाणी कोर्टात, वकील लावून. ज्या माणसाला प्रत्यक्ष काय घडले ते ठाऊक, तोच मेलेला. आणि पुरावा बहुधा प्रतिवादीच्या हाती.

ही अट पहिल्यांदा मोडली ती कारखान्यात. १८९७ साली इंग्लंडात कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. आपल्याकडे तो १९२३ साली आला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याचे तत्त्व साधे होते. काम करीत असताना, कामापायी इजा झाली तर भरपाई द्यावयाची. चूक कोणाची हे विचारावयाचे नाही. दारू पिऊन किंवा सुरक्षिततेचा नियम जाणूनबुजून मोडून ओढवून घेतलेल्या इजेसारखे काही अपवाद होते, आणि कायदा ठरावीक धंद्यांपुरताच होता. तरीही विचारात मोठी क्रांती झाली. यंत्राचा फायदा जो घेतो त्याने यंत्राने केलेल्या हानीचा खर्चही सोसावा, तो धंद्याच्या खर्चातच धरावा, हे एकदा मान्य झाले.

आता रस्त्याकडे वळू. मोटार हेही यंत्रच. परंतु तिच्या बाबतीत जुनीच अट चालू राहिली, आणि शिवाय एक नवी अडचण निघाली. दावा जिंकला तरी गाडीवाल्याजवळ द्यायला पैसा नसे. त्याचा विमा असला तरी विम्याचा करार तो व कंपनी या दोघांतला. जखमी माणूस त्यात परका. गाडीवाला दिवाळखोर निघाला की विम्याची रक्कम त्याच्या सगळ्या सावकारांत वाटली जाई, आणि ज्याचा पाय मोडला तो त्या रांगेत उभा राही. १९३० साली इंग्लंडात दोन कायदे झाले. एकाने गाडीवाल्याला विमा सक्तीचा केला आणि दुसऱ्याने जखमी माणसाला थेट विमा कंपनीपर्यंत पोचण्याची वाट दिली. कंपनी व विमेदार हे करारातले दोन पक्ष. जखमी हा तिसरा. ‘थर्ड पार्टी’ हा आपल्या बोलण्यातला शब्द तेथून रूढ झाला.

आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात या सक्तीच्या विम्याचे प्रकरण घातले गेले. परंतु महायुद्ध आडवे आले आणि ते प्रकरण १ जुलै १९४६ रोजी अमलात आले. त्यातही मर्यादा होती : मालमोटारीने केलेल्या अपघातात कंपनीवर २०,००० रुपयांपर्यंतचीच जबाबदारी. शिवाय दाद दिवाणी कोर्टातच मागायची. म्हणून १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे नेमण्याची सोय केली. साधा अर्ज आणि सुटसुटीत चौकशी, अशी ही योजना होती. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने असेही ठरविले की, विमा कंपनीला कायद्यात सांगितलेले बचावच घेता येतील. पैसे न देण्यासाठी तिला मनास येईल ते कारण पुढे करता येणार नाही.

मात्र चुकीच्या पुराव्याची अट तेथेच उभी होती. १९७७ साली मुंबईतील एका अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, निष्काळजीपणा सिद्ध झाल्यावाचून मालक जबाबदार नाही आणि म्हणून कंपनीही नाही. आता परळच्या एखाद्या गिरणीतील कामगार डोळ्यांपुढे आणा. फाटकाच्या आत साच्यात त्याचा हात गेला तर १९२३ च्या कायद्याने त्याला कोणी चूक विचारीत नव्हते. तोच कामगार पाळी संपवून फाटकाबाहेर आला आणि ट्रकखाली सापडला, तर त्याच्या बायकोला ट्रकवाल्याची चूक शाबीत करावी लागे. हात तोच, संसार तोच. मध्ये फक्त एक फाटक.

हे फाटक १९८२ साली थोडेसे उघडले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने चूक न विचारता मृत्यूबद्दल १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये द्यावेत असे ठरले. धडक मारून पळून जाणाऱ्या अज्ञात गाडीच्या बळींसाठीही त्याच वेळी सोय झाली : मृत्यूला ५,००० आणि जबर दुखापतीला १,००० रुपये. रकमा तुटपुंज्या होत्या, पण तत्त्व रस्त्यावर आले. कारखान्यापासून रस्त्यापर्यंत यायला त्याला एकोणसाठ वर्षे लागली. १९८८ च्या नव्या कायद्याने मृत्यू व शारीरिक इजेपुरती विमा कंपनीच्या जबाबदारीची कमाल मर्यादा काढून टाकली. २०१९ च्या दुरुस्तीने, जी या बाबतीत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, चूक न विचारता द्यावयाची रक्कम मृत्यूला ५ लाख आणि जबर दुखापतीला अडीच लाख केली. पळून गेलेल्या गाडीच्या बाबतीत ती २ लाख आणि ५०,००० झाली. परंतु चूक न विचारता मिळणारी ही रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणापुढचा मोठ्या भरपाईचा अर्ज संपतो. घरात दाणा नसताना समोर आलेला चेक परत करणे सोपे नसते. म्हणून सही करण्याआधी हिशेब मांडावा.

दरम्यान विम्याचा धंदाही बदलला. १ जानेवारी १९७३ पासून साधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १०७ कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या. १९९९ च्या कायद्यानंतर खासगी कंपन्यांना दार पुन्हा उघडले. मालकी सरकारी असो वा खासगी, कंपनीचा आवडता बचाव एकच राहिला : ड्रायव्हरचे लायसन्स. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, मालकाने लायसन्सवाला ड्रायव्हर नेमला असेल आणि त्याने मालकाच्या अपरोक्ष क्लीनरच्या हाती गाडी दिली असेल, तर तेवढ्याने कंपनी सुटत नाही. २००४ साली न्यायालयाने वाट आणखी रुंद केली : कंपनीने आधी जखमी माणसाला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. हलक्या गाडीचे लायसन्स असलेल्याने टॅक्सी, रिक्षा किंवा लहान टेम्पो चालविला तर विमा लागू होतो की नाही, हा वाद वर्षानुवर्षे चालला. २०१७ साली त्याचा निकाल ड्रायव्हरांच्या बाजूने लागला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ७,५०० किलोपर्यंतच्या गाड्यांबाबत तो कायम केला. हजारो गरीब ड्रायव्हरांची पोटे या एका निकालावर अवलंबून होती.

आतापर्यंत माणसाच्या देहाबद्दल बोललो. गाडीच्या नुकसानीची कथा अधिक कोरडी आहे. दुसऱ्याच्या मालमत्तेची सक्तीच्या विम्यातील मर्यादा १९६९ च्या दुरुस्तीने २,००० रुपये ठेवली होती; १९८८ च्या कायद्यात ती ६,००० होती. सिग्नलला उभ्या असलेल्या टेम्पोला मागून कोणी धडक दिली, तर टेम्पोवाल्याने काय करायचे? त्याचा पूर्ण विमा असेल तर त्याचीच कंपनी गाडी दुरुस्त करून देते. कंपन्यांनी आपसांत ठरवून टाकले होते की, प्रत्येकीने आपापल्या गिऱ्हाइकाची गाडी पाहावी आणि हिशेब मिटवावा. यात कंपन्यांचा कोर्टखर्च वाचला. गिऱ्हाइकाचा मात्र ‘नो क्लेम बोनस’ गेला. वर्षानुवर्षे अपघात न करता साठविलेली, २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढणारी ती सवलत, चूक दुसऱ्याची असूनही याच्या खात्यातून वजा होते. आणि गाडी गॅरेजात पडून असताना बुडालेली रोजची कमाई त्याच्या स्वतःच्या पॉलिसीत बसत नाही. तिच्यासाठी समोरच्याविरुद्ध न्यायाधिकरणातच जावे लागते. ज्याने पैशाअभावी केवळ थर्ड पार्टी विमा घेतला आहे, त्याला तर गाडीच्या दुरुस्तीसाठीही तोच एक मार्ग उरतो. श्रीमंताची मोटार चार दिवस बंद पडली तर त्याची गैरसोय होते. टेम्पोवाल्याची बंद पडली तर बँकेचा हप्ता चुकतो.

या इतिहासातून व्यवहाराला उपयोगी अशी शिकवण निघते. पूर्ण भरपाई मागायची तर समोरच्याची चूक आजही दाखवावी लागते, आणि पुरावा पहिल्या काही तासांतच हाती लागतो. गाडी हलविण्याआधी तिची छायाचित्रे घ्यावीत. समोरच्या गाडीचा क्रमांक, ड्रायव्हरचे लायसन्स आणि विम्याची पॉलिसी यांची नोंद करावी. साक्षीदाराचे नाव व पत्ता लिहून घ्यावा. ‘जाऊ द्या, आपसांत मिटवू’ असे म्हणणाऱ्याच्या गोड शब्दांवर विसंबून पोलीस फिर्याद टाळू नये. पंचनाम्यात गाड्यांच्या जागा बरोबर लिहिल्या आहेत की नाहीत हे वाचून पाहावे. आपल्या कंपनीला ताबडतोब लेखी कळवावे आणि सर्व्हेअरने पाहण्यापूर्वी दुरुस्ती करू नये. इजा झाली असेल तर दवाखान्याचा प्रत्येक कागद जपावा. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांच्या आत न्यायाधिकरणाला प्राथमिक अपघात अहवाल पाठवावयाचा आहे. त्याची विचारणा करणे हा आपला हक्क आहे. १९९४ पासून अर्ज आपण राहतो तेथील न्यायाधिकरणातही करता येतो. मुंबईत जखमी झालेल्या साताऱ्याच्या माणसाने तारखांसाठी मुंबईला खेपा घालण्याचे कारण नाही.

मुदतीचा इतिहासही लक्षात ठेवावा. १९५६ साली ती ६० दिवस होती, मग सहा महिने झाली. १९९४ साली मुदत उठविली आणि २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची पुन्हा घातली. तिच्या वैधतेचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या वादाचे काहीही होवो, शहाण्याने सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा हे बरे.

श्रोतेहो, १८०८ पासून आजवरच्या प्रत्येक सुधारणेमागे कोणीतरी हरलेला फिर्यादी उभा आहे : तो नवरा, तो खाटकाकडचा पोर, कितीएक विधवा. त्यांना स्वतःला फारसे मिळाले नाही. त्यांच्या हरण्यातून कायद्यातील भोक दिसले आणि पुढच्यांसाठी ते बुजविले गेले. अजूनही भोके आहेत. विम्यावाचून रस्त्यावर धावणारी गाडी हे एक. निर्दोष माणसाचा कापला जाणारा बोनस हे दुसरे. आणि न्यायाधिकरणात सुटसुटीत म्हणून ठेवलेल्या चौकशीला लागणारी वर्षे हे तिसरे. रस्त्यावर मरणाऱ्याची गणना आपण नशिबाच्या खात्यात करतो तोवर ती बुजणार नाहीत. ज्या दिवशी ती आपण धंद्याच्या आणि राज्याच्या खर्चाच्या खात्यात मांडू, त्या दिवशी ते फाटक पूर्ण उघडेल.