खो-खोतील संरक्षणाचे नियम आणि गुणसंख्या

खो-खो या मैदानी खेळात एक संघ आक्रमण (पाठलाग) करतो व दुसरा संरक्षण (पळती) करतो. पारंपरिक नियमांनुसार गुण केवळ आक्रमकांना मिळतात; संरक्षकाची कामगिरी मिनिटे व सेकंदांत नोंदवली जाते. २०२२ साली सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगमध्ये संरक्षणालाही गुण देण्यात आले. त्यामुळे दोन्ही पद्धतींतील धावफलकांची थेट तुलना करता येत नाही.

पारंपरिक पद्धत

खेळाचे लिखित नियम विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात आकाराला आले. मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते. आठ खेळाडू आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. त्याला एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही आणि मधली पाटीही ओलांडता येत नाही. संरक्षकावर मात्र असे कोणतेही बंधन नाही. बसलेल्या खेळाडूंमधून तो हवा तेव्हा आरपार जातो. साखळी पद्धतीच्या पळतीचे सारे कौशल्य या सवलतीवर उभे आहे.

प्रौढ गटात प्रत्येक संघाला नऊ मिनिटांची दोन आक्रमणे मिळतात. संरक्षक तिघांच्या तुकडीने मैदानात उतरतात व बाद होणाऱ्या प्रत्येक गड्यामागे आक्रमकांना एक गुण मिळतो. उत्तम संरक्षणाने प्रतिस्पर्ध्याचे गुण रोखले जातात, स्वतःच्या संघाचे वाढत नाहीत. केवळ निकाल वाचणाऱ्याला हे संरक्षण दिसतच नाही. त्यासाठी वृत्तपत्रातील वृत्तान्तात खेळाडूच्या नावापुढे दिलेली वेळ पाहावी लागते. अपवाद लघुत्तम आक्रमणाचा. जादा डावानंतरही बरोबरी राहिल्यास पहिला गडी कोणी कमी वेळात बाद केला यावर विजेता ठरतो. तेथे संरक्षकाचा प्रत्येक सेकंद थेट मोजला जातो.

लीगमधील बदल

लीगचा पहिला हंगाम पिंपरी-चिंचवडलगतच्या म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात झाला. मैदानाची लांबी २२ मीटर करण्यात आली, आक्रमणाची वेळ सात मिनिटांवर आली आणि पाठलाग करणाऱ्या संघात सातच खेळाडू राहिले. त्यांपैकी ‘वजीर’ कोणत्याही दिशेने धावू शकत असल्याने संरक्षकांची जुनी सवलत काही अंशी हिरावली गेली. प्रत्येक बळीला दोन गुण, तर सूर मारून किंवा खांबावरून झेप घेऊन टिपलेल्या बळीला तीन गुण ठेवण्यात आले.

भरपाई म्हणून ‘ड्रीम रन’ आला. तुकडी अडीच मिनिटे टिकली की संरक्षक संघाला गुण आणि पुढील प्रत्येक ३० सेकंदांना आणखी गुण. दीर्घकाळ टिकणारी तुकडी त्यामुळे संघासाठी थेट गुण मिळवू लागली.

४ सप्टेंबर २०२२ च्या अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाज संघावर ४६-४५ अशी मात केली. अखेरच्या क्षणी सूरज लांडे याने सूर मारून तीन गुण मिळवले. साध्या बळीचे दोनच गुण मिळाले असते तर बरोबरी झाली असती. ४६ हा आकडा मोठा वाटतो, परंतु बळीचे मोल लक्षात घेता तो १४ मिनिटांत जास्तीत जास्त २३ गडी बाद झाल्याचे सांगतो. गुणसंख्या फुगण्यामागे वेगवान खेळापेक्षा गुणांकनाचा वाटा मोठा आहे.

विश्वचषक, २०२५

नवी दिल्लीतील पहिल्या विश्वचषकातही ड्रीम रन होता, मात्र त्याची मर्यादा तीन मिनिटांवर नेण्यात आली होती. १९ जानेवारी रोजी भारताच्या महिलांनी नेपाळला ७८-४० असे, तर पुरुषांनी ५४-३६ असे हरवले. महिलांच्या अंतिम सामन्यात शेवटच्या पाळीत चैत्रा बी. हिच्या तुकडीने ५ मिनिटे १४ सेकंद संरक्षण केले आणि भारताचे गुण ७३ वरून ७८ झाले. बालेवाडीच्या नियमाने याच पळतीला अधिक गुण मिळाले असते. पारंपरिक नियमाने एकही नाही.