खिम्यातील धान्य: रोमन पाकशाळेची साक्ष

१/ कोंबडीच्या खिम्यात धान्य मळून घरी थापलेली टिक्की आज आरोग्यदायी आहाराचा नवा प्रयोग मानली जाते. मांसात धान्य मिसळण्याची युक्ती मात्र प्राचीन रोममध्ये रुळलेली होती. #धागा

२/ पुरावा आहे ‘अपिकियस’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या लॅटिन पाकग्रंथात. त्याचे आजचे रूप साधारणतः इ.स.च्या ४थ्या-५व्या शतकातील. त्याचा दुसरा भाग खिम्याच्या पदार्थांना वाहिलेला आहे.

३/ एक कृती पाहा. मांस कुटून त्यात द्राक्षाच्या मद्यात भिजवलेल्या पांढऱ्या पावाचा गर, मिरी आणि माशांचा खारवलेला रस घालावा. लहान गोळे वळून आत चिलगोजे भरावेत, चरबीच्या जाळीत गुंडाळून भाजावेत. दुसऱ्या एका कृतीत शिजवून वाटलेली गव्हाची भरड खिम्यात मिसळून आतड्यात भरली आहे.

४/ धान्य ही केवळ गरिबाची भर होती काय? या कृतींत मिरी आहे, आणि ती केरळच्या किनाऱ्यावरून समुद्रमार्गे रोमला जाई. एवढा खर्च करणारा यजमान मांस वाचवीत नव्हता. धान्यातील पिष्ट मांसाचा रस धरून ठेवते, गोळा फुटू देत नाही. हे ज्ञान त्या स्वयंपाक्यांना अनुभवातून मिळाले होते.

५/ हाच ग्रंथ खिम्याच्या गोळ्यांची प्रतवारीही लावतो: पहिला मोर, दुसरा फेझंट पक्षी, तिसरा ससा. आज घरोघरी पोहोचलेली कोंबडी तेथे चौथी! पदार्थांची प्रतिष्ठा काळ ठरवतो. गोळा बांधण्याचे काम मात्र धान्य आजही तसेच करते.