कॉफी करणारी बसते कुठे?



कॉफीचा इतिहास वाचायला घेतला की त्यात बहुतेक पुरुषच भेटतात. सूफी, सुलतान, व्यापारी, कवी. घरोघरी कॉफी भाजणारी, कुटणारी, उकळणारी बाई मात्र क्वचितच दिसते. म्हणून आज वेगवेगळ्या देशांतल्या कॉफीच्या रीती एकच प्रश्न मनात ठेवून पाहू या. कॉफी करणारी स्वतः कप घेऊन कुठे बसायची?

सुरुवात इथिओपियापासून, कारण कॉफीचं झाड मूळचं तिथलं. तिथे कॉफीला ‘बुना’ म्हणतात. घरातली आई किंवा मोठी मुलगी जमिनीवर ताजं गवत पसरते, धूप लावते आणि छोट्या शेगडीपुढे बसते. हिरव्या बिया धुऊन तव्यावर भाजायच्या, धूर यायला लागला की तवा पाहुण्यांपुढे फिरवायचा, म्हणजे वास सगळ्यांना मिळतो. मग बिया खलात कुटून ‘जेबेना’ नावाच्या लांब मानेच्या मातीच्या सुरईत उकळायच्या. सोबत लाह्या किंवा भाजलेलं धान्य. त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी घालून तीन फेऱ्या होतात: अबोल, तोना आणि बरका. बरका म्हणजे आशीर्वाद, त्यामुळे तिसरा कप घेतल्याशिवाय उठणं बरं दिसत नाही. तासभर सहज जातो. शेजारणी येतात, गावातल्या गोष्टी निघतात. यात एक गोष्ट नीट पाहा. ही बाई आत-बाहेर करत नाही. शेगडीच बैठकीत मांडलेली असते, म्हणून तीही बैठकीतच असते.

इथिओपियातून समुद्र ओलांडला की येमेन. पंधराव्या शतकात तिथले सूफी रात्रीच्या नामस्मरणात झोप येऊ नये म्हणून कॉफी घेत. सूर्यास्तानंतर काही न घेणाऱ्या आपल्यासारख्यांना याची गंमत वाटेल! पुढे हे पेय धर्मात चालतं की नाही, यावर वादही झाला. आपल्या स्वयंपाकघरांत हा प्रश्न ओळखीचा आहे. १५११ मध्ये मक्केचा अधिकारी खैर बेग याने जाणकारांची सभा बोलावून कॉफीवर बंदी घातली. कैरोच्या सुलतानाकडून ती लवकरच सैल झाली.

१५५०च्या दशकात इस्तंबूलमध्ये कॉफीघरं निघाली. तिथे बुद्धिबळ चाले, कविता चालत आणि राज्यकारभारावर चर्चाही. ती चर्चा सत्तेला खुपायची. सुलतान चौथा मुराद याने १६३३ मध्ये कॉफीघरं बंद केली, त्यामागे हे एक कारण होतं. ही कॉफीघरं पुरुषांची. बायकांची कॉफी घरी आणि हमामात, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात.

तुर्कस्तानात मुलगी मागायला पाहुणे आले की कॉफी करते ती मुलगीच. फेस नीट धरला का, कप न सांडता आणले का, सगळे बघतात. आपल्याकडच्या पोह्यांची, कांद्याविना का होईना, आठवण होतेच. पण तिथे एक मजेदार रीत आहे. मुलाच्या कपात साखरेऐवजी मीठ घालतात. तोंड वाकडं न करता त्याने ती प्यायली, तर मुलगा सोशिक आहे असं समजायचं. म्हणजे निदान परीक्षा दोघांची होते.

लंडनमध्ये पहिलं कॉफीघर १६५२ मध्ये निघालं आणि पुढे त्यांची गर्दीच झाली. एडवर्ड लॉईडच्या कॉफीघरात जहाजांच्या विम्याचे सौदे होत, त्यातून लॉईड्सचा प्रसिद्ध विमा बाजार उभा राहिला. जोनाथनच्या कॉफीघरात शेअरची खरेदी-विक्री चाले, तिथून लंडनचा शेअर बाजार. काही कॉफीघरं विधवा चालवत, कित्येक ठिकाणी कॉफी बायकाच देत. पण गिऱ्हाईक म्हणून टेबलाशी बसणारे पुरुष. १६७४ मध्ये स्त्रियांच्या नावाने कॉफीविरुद्ध एक छापील अर्ज निघाला. त्यात तक्रार होती की कॉफीमुळे नवरे बडबडे झाले आणि घराच्या कामाचे राहिले नाहीत. पुरुषांच्या नावाने उत्तरही छापलं गेलं. लोक हसले असतील, पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बातमी, विमा, शेअर, व्यापार हे सगळं ज्या टेबलांवर ठरत होतं, तिथे बाईला खुर्ची नव्हती. कॉफीचा कप मिळाला नाही तर फारसं बिघडत नाही. माहिती मिळाली नाही तर पैशाचा व्यवहार आयुष्यभर दुसऱ्याच्या हातात राहतो.

जर्मनीतल्या बायकांनी यावर घरच्या घरी तोडगा काढला. १७१५ मध्ये लाइपझिगला स्त्रियांसाठी एक कोश छापला गेला. त्यात मैत्रिणींनी ठरवून एकत्र जमण्याच्या, कॉफी घेऊन पत्ते खेळण्याच्या मंडळाची चक्क नोंद आहे. आपली भिशीच म्हणा ना! पुरुषांनी या बैठकींना ‘काफेक्लात्श’ म्हणून हिणवलं, म्हणजे कॉफीवरच्या चकाट्या. त्याच शहरात १७३४च्या सुमारास संगीतकार बाख यांनी कॉफीवर एक विनोदी संगीतरचना केली. त्यातला बाप मुलीची कॉफी सोडवायला बघतो आणि शेवटी लग्न करून देणार नाही अशी धमकी देतो. मुलगी वरवर ऐकते. पण गुपचूप कळवते की लग्नाच्या करारात कॉफी प्यायची मोकळीक लिहून देणाराच नवरा चालेल.

स्वीडनमध्ये अठराव्या शतकात, १७५६ पासून, कॉफीवर अनेकदा बंदी आली आणि दरवेळी उठली. पुढे तिथल्या बायकांच्या कॉफीच्या मेजवान्यांना ‘काफेरेप’ नाव पडलं. सोबत घरी भाजलेल्या सात प्रकारच्या बिस्किटांचा रिवाज. कमी केली तर कंजूष, जास्त केली तर मिरवणारी! यजमानीण दमत असेल, पण बैठक तिची आणि तिच्या मैत्रिणींची होती.

आपल्याकडे कॉफी आणल्याचं श्रेय बाबा बुदान यांना देतात. मक्केच्या यात्रेहून सात बिया लपवून आणून त्यांनी चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा आहे. मराठी घरांत ती दुधाची, जायफळ-वेलची घातलेली झाली आणि खास पाहुण्यांसाठी राखली गेली. ट्रे बाहेर जातो, गप्पा रंगतात, आणि करणारी ओट्याशी उभी राहून उरलेली कॉफी निवल्यावर पिते. कित्येक घरांत आजही हेच चालतं. बाहेर जागेचा व्यवहार, मुलीचं स्थळ, मुलाचं शिक्षण ठरत असतं आणि तिला ते नंतर कळतं.

इथिओपियातल्या बाईसारखी शेगडी दिवाणखान्यात मांडायची गरज नाही. कॉफी थर्मासमध्ये भरा, कप मधोमध ठेवा, ज्याला हवी तो ओतून घेईल. पहिल्या फेरीपासून तुम्हीही तिथेच बसा. फक्त सूर्यास्ताच्या आत!