खरी वही खाडाखोडीची असते

मागे एकदा आमच्या गटाची वही मी तीन महिने लिहिलीच नाही. मग एका रात्री बसून, एकाच पेननं, सगळ्यांची बचत सारखी मांडून टाकली. एका ताईंनी त्यातल्या एका महिन्यात दुप्पट भरणा केला होता. तो वहीत कुठंच नव्हता. भर बैठकीत माझी मान खाली गेली. म्हणून आज वहीचीच एक गोष्ट सांगते, पण शास्त्रज्ञांची.

रेडिओत, मोबाइलमध्ये ट्रान्झिस्टर असतात. पाटाच्या पाण्याला जसं दार, तसं हे विजेचं दार. थोडा विजेचा दाब दिला की उघडतं, काढला की बंद. पहिला ट्रान्झिस्टर १९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत झाला, जर्मेनियमचा. पुढे सिलिकॉन आलं. प्लॅस्टिकसारख्या, कार्बनच्या पदार्थांचा ट्रान्झिस्टर केला तर तो वाकेल, शाईसारखा छापता येईल, अशी आशा होती. या पदार्थांना सेंद्रिय अर्धवाहक म्हणतात. शेणखताशी संबंध नाही हं! १९८६ मध्ये जपानच्या मित्सुबिशी कंपनीतल्या संशोधकांनी पॉलिथायोफिनचा असा ट्रान्झिस्टर करून दाखवला. चाल मात्र फार मंद होती.

पुढे बेल प्रयोगशाळेतच यान हेंड्रिक शोन हा तरुण शास्त्रज्ञ सेंद्रिय स्फटिकांवर चमत्कार वाटावेत असे निकाल छापू लागला. २००१ साली सरासरी आठ दिवसांना एक शोधनिबंध! इतरांनी तेच करून पाहिलं, कुणालाच जमेना. त्यात त्यांचे कित्येक महिने वाया गेले.

२००२ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या लिडिया सोन आणि कॉर्नेलचे पॉल मॅक्युएन यांच्या ध्यानात आलं, की प्रयोग वेगवेगळे, पण आलेखांतल्या रेषेची बारीक थरथरसुद्धा हुबेहूब तीच. ती तर दरवेळी वेगळी यायला हवी! चौकशी समितीनं मूळ नोंदी मागितल्या. नीट वही नव्हती, संगणकावरची माहिती पुसलेली. २४ आरोपांपैकी १६ सिद्ध झाले, त्याची नोकरी गेली. निबंधांवर नावं असलेल्या सहकाऱ्यांना दोषी धरलं नाही. पण महत्त्वाचे प्रयोग होताना त्यांच्यापैकी कुणीच पाहिले नव्हते.

सेंद्रिय ट्रान्झिस्टर खोटे नव्हते. प्रामाणिक नोंदी ठेवणाऱ्यांचं काम पुढे चालूच राहिलं.

बायांनो, खऱ्या वहीत कुणाचे दहा रुपये कमी असतात, कुणाचा हप्ता उशिरा, मध्येच खाडाखोड. सगळं एकसारखं दिसलं की विचारा. वाचता येत नसेल तर मोठ्यानं वाचून घ्या, मगच सही किंवा अंगठा करा. माझीही वही तपासा.