प्राप्तिकराची माफी आणि मिठावरील कर : पुण्यातील एका जुन्या वादाचा मागोवा

प्राप्तिकर समूळ रद्द करावा, ही मागणी अलीकडच्या काळात अनिल बोकील यांच्या ‘अर्थक्रांती’ प्रस्तावामुळे महाराष्ट्रात सुपरिचित झाली आहे. आयातशुल्क वगळून सर्व कर काढून टाकावेत व त्यांच्या जागी बँकेतील व्यवहारांवर एकच कर बसवावा, असे त्या प्रस्तावाचे स्वरूप आहे. मागणी नवी भासते. वस्तुतः हा कर या देशात दोनदा रद्द होऊन गेला आहे. त्यांपैकी दुसऱ्या माफीचा हिशेब पाहिल्यावाचून पुण्याच्या सार्वजनिक जीवनात या प्रश्नाविषयी पुढे जे मतांतर झाले ते नीट उमगत नाही.

१८५७ च्या उठावाने रिकामा झालेला खजिना भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये हा कर प्रथम आणला. वर्षाला २०० रुपये मिळविणाराही त्यातून सुटला नाही. मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी त्याला जाहीर विरोध केला व त्यापायी आपले पद गमावले. पुढे तेच अर्थसदस्य होऊन परत आले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १८६५ मध्ये, हा कर संपुष्टात आला. इतिहास असे योग क्वचितच जुळवून आणतो.

१८६९ मध्ये कर पुन्हा आला. १८७०-७१ साली त्याचा दर रुपयामागे ६ पै, म्हणजे शेकडा तीनहून किंचित अधिक, इतका चढला. पुणे सार्वजनिक सभेची स्थापना याच १८७० सालची. हिशेब तपासणारे परके अधिकारी, त्यांच्या हाताखालचे कारकून आणि अपिलाचा खटाटोप यांमुळे कराच्या रकमेपेक्षा त्याची वसुलीच लोकांना अधिक जाचत असे. पुढील दोन वर्षांत दर उतरला, करपात्र मर्यादा १,००० रुपयांपर्यंत नेण्यात आली, आणि १८७३ मध्ये लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी हा कर बंद केला. एतद्देशीय सुशिक्षितांनी त्याचे स्वागतच केले. तथापि त्याच वर्षी पार्लमेंटच्या अर्थविषयक समितीपुढे ठेवण्यासाठी सभेच्या उपसमितीने जो अहवाल सिद्ध केला, त्यात रयतेची दैन्यावस्था आणि जमीनमहसुलाचे ओझे हेच मुख्य विषय होते. खरा भार कोठे आहे, हे सभेला ठाऊक होते.

माफी मिळाली ती सधनांना. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्याच्या खर्चाची तोंडमिळवणी करताना सरकारने प्राप्तिकर परत आणला नाही. मुंबई इलाख्यात मिठावरील कर मणामागे १ रुपया १३ आण्यांवरून अडीच रुपयांवर नेला आणि व्यापारधंद्यावर परवाना कर बसविला. दुकानदार त्यात सापडला. सरकारी अधिकारी व वकील बाहेर राहिले. १८७८ मध्ये सुरतेस या परवाना कराविरुद्ध दंगल उसळली. मिठाच्या करासाठी कोणाच्या दारी कारकून जात नसे, म्हणून त्याची बोंब झाली नाही. तो किमतीतच मिसळून जात होता. ‘इन्कमटॅक्स’ हा शब्द मराठीत धसका म्हणून रुळला, मिठाच्या कराला मात्र तसे स्वतंत्र नावही लाभले नाही, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

यानंतरचा पालट महत्त्वाचा आहे. काँग्रेसचे पहिले अधिवेशन पुण्यास भरावयाचे होते. पटकीच्या साथीमुळे ते डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईस भरले. लष्करी खर्च वाढणारच असेल, तर आयातशुल्क पुन्हा बसवावे आणि परवाना कर त्यातून सुटलेल्या सरकारी व बिनसरकारी वर्गांनाही लागू करावा, असा ठराव तेथे झाला. ठराव करणारांत वकिलांचा भरणा मोठा होता. म्हणजे ते स्वतःवरच कर मागत होते. दुसऱ्याच वर्षी, १८८६ च्या कायद्याने, प्राप्तिकर कायमचा आला. शेतीचे उत्पन्न त्यातून वगळले गेले. ५०० रुपयांपासून पुढे कर लागे व २,००० पर्यंतच्या पगारावर दर रुपयामागे ४ पै होता. ही मर्यादा १,००० पर्यंत वाढवावी, एवढीच मागणी काँग्रेसमधून पुढे वारंवार होत राहिली.

२६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात अंदाजपत्रकावर आपले पहिले भाषण केले. रुपयाच्या विनिमयदराची घसरण थांबूनही तिच्यासाठी वाढविलेले कर तसेच चालू होते आणि दरसाल शिल्लक पडत होती; ही शिल्लक भरभराटीचे लक्षण नव्हे, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. मिठावरील कर मणामागे ८ आण्यांनी उतरवावा आणि १,००० पर्यंतचे उत्पन्न करमुक्त करावे, असे त्यांनी सुचविले. प्राप्तिकर रद्द करा असे ते म्हणाले नाहीत. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्याचे वेतन तेव्हा महिना ७५ रुपयांच्या घरात असे. म्हणजे वर्षाच्या ९०० रुपयांवर १८ रुपये १२ आणे कर. ही तोशीस गोखल्यांच्या ओळखीची होती. पण तिच्या शेजारी त्यांनी मिठाचा प्रश्न ठेवला, यातच त्यांच्या भूमिकेचे वजन आहे.

१९०३ मध्ये दोन्ही सूचना अमलात आल्या. मिठावरील कर अडीच रुपयांवरून २ रुपये, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये १ रुपया झाला. गोखले फेब्रुवारी १९१५ मध्ये पुण्यास निवर्तले. पुढच्याच वर्षी महायुद्धाच्या खर्चापायी प्राप्तिकराला चढते दर लागू झाले, आणि त्याच अंदाजपत्रकाने मिठावरील करही पुन्हा वाढविला.